सांधेरोपण आणि ट्रानेक्झॅमिक आम्ल : सुरक्षिततेच्या प्रश्नाचा इतिहास

गुडघ्याच्या वा खुब्याच्या सांधेरोपणात होणारा रक्तस्राव ही अस्थिशल्यचिकित्सेपुढील जुनी अडचण होय. तो रोखणाऱ्या औषधाबाबत दोन प्रश्न संभवतात. रक्तस्राव कमी होतो काय, आणि नको तेथे रक्ताची गुठळी टिकून राहते काय? ट्रानेक्झॅमिक आम्लाच्या इतिहासात पहिल्याचे उत्तर लवकर मिळाले. दुसऱ्याचे मात्र रेंगाळले.

जपानमधील शोसुके व उताको ओकामोतो या संशोधक दांपत्याने १९६२ मध्ये हे औषध प्रसिद्धीस आणले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हा त्यांच्या चिंतेचा विषय होता. हे औषध नवी गुठळी निर्माण करीत नाही; झालेली गुठळी विरघळू देत नाही. शंकेचे मूळही येथेच आहे, कारण पायाच्या शिरेतील घातक गुठळीही गुठळीच असते.

१९९६ मध्ये स्वीडनमधील चाचणीत गुडघारोपणाच्या ८६ रुग्णांवर औषधाची परिणामकारकता दिसून आली. तथापि शेकड्यात एखाद्यासच होणारा अपाय एवढ्या अल्प संख्येत कसा दिसावा? ॲप्रोटिनिन या दुसऱ्या रक्तस्रावरोधकाचे उदाहरण येथे बोलके आहे. हृदयशस्त्रक्रियेत वर्षानुवर्षे रुळलेल्या या औषधाची कॅनडातील चाचणी वाढत्या मृत्यूंमुळे २००७ मध्ये थांबवावी लागली व त्याची विक्री स्थगित झाली. पुढे काही देशांत मर्यादित वापरास पुन्हा मान्यता मिळाली, हा भाग वेगळा.

२०१४ मध्ये अमेरिकेतील ५१० रुग्णालयांतील ८,७२,४१६ सांधेरोपण रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. ट्रानेक्झॅमिक आम्ल दिलेल्यांपैकी ७.७ टक्के रुग्णांना रक्त द्यावे लागले, न दिलेल्यांपैकी २०.१ टक्के, गुठळीजन्य गुंतागुंत अनुक्रमे ०.६ व ०.८ टक्के. आकडे दिलासा देणारे खरेच. परंतु धोक्याच्या रुग्णांना डॉक्टरांनी औषध दिलेच नसेल, तर हा दिलासा उसना ठरतो.

हृदयविकाराचा धोका असलेल्या ९,५३५ रुग्णांवरील, हृदयेतर शस्त्रक्रियांची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. गंभीर रक्तस्राव ११.७ वरून ९.१ टक्क्यांवर आला. हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना औषध घेणाऱ्यांत १४.२, तर इतरांत १३.९ टक्के होत्या. फरक क्षुल्लक भासला, तरी सुरक्षिततेची पूर्वनिश्चित कसोटी थोडक्यात हुकली.

याहून वेगळा धोका कुपीच्या सारखेपणातून उद्भवला. सांधेरोपण अनेकदा कण्यात भूल देऊन केले जाते. भुलेच्या औषधाऐवजी चुकून हीच कुपी कण्यात टोचली गेल्यास तीव्र आकडी येऊन मृत्यू ओढवू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याविषयी इशारा दिला तो डिसेंबर २०२० मध्ये, औषधाच्या शोधानंतर ५८ वर्षांनी.