मावळातील मालवाहू गाडीचा वृत्तांत

पंतसचिवांचे भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. परंतु हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानंद खोरे या मुलखात मालाची वहिवाट त्यापूर्वी कित्येक शतके ज्या बैलाच्या पाठीवर चालत आली होती, त्याची पारख करताना येथील कुणब्याने शिंगांचा डौल कधी पाहिला नाही, खूर आणि खांदा पाहिला. पुढे यंत्र आले तरी ही नजर बदलली नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात महिंद्रांनी सुट्या भागांतून विलिस जीप जोडावयास आरंभ केला, १९५८ मध्ये जर्मन साहाय्याने बजाज टेम्पोची तीनचाकी आली आणि १९८८ मध्ये टेल्कोने टाटामोबाइल हा पिकअप बाजारात आणला. त्यानंतर टाटा २०७ आणि बोलेरो पिकअप यांनी नसरापूरपासून केळदपर्यंतचा रस्ता जणू इनामच घेतला. या गाड्यांचे सामर्थ्य त्यांच्या साधेपणात होते. केळदच्या चढणीवर पाटा तुटला, तर नसरापूरचा मिस्त्री दुसऱ्या गाडीचा पाटा घालून संध्याकाळपर्यंत गाडी उभी करी. डिझेलच्या नळीत हवा शिरली, तर चालक स्वतःच हातपंप मारून ती काढी आणि दुधाचे कॅन खोळंबत नसत.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हा धूरनियंत्रणाचा दंडक नव्या गाड्यांना लागू झाला, आणि तो योग्यच होता, कारण घाटात जुन्या गाडीमागे चालणाऱ्याने जो काळा धूर गिळला त्याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही. मात्र नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी जी गाळणी बसली, तिच्यातील काजळी जळून जाण्यास गाडी काही काळ सलग वेगाने धावून गाळणी पुरेशी तापावी लागते. आणि वेल्ह्याची दूधगाडी तर वाडीवाडीला थांबते, इंजिन चालू ठेवून कॅन चढविते, पुन्हा अर्धा कोस जाऊन थांबते. गाळणी तुंबते, इशाऱ्याचा दिवा लागतो, गाडीचा जोर उतरतो, आणि मिस्त्रीच्या पान्ह्याला तेथे वाव राहत नाही. गाडी संगणक जोडणाऱ्या कार्यशाळेत न्यावी लागते. टिकाऊपणासाठी जगभर वाखाणलेली टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली खरी, पण तिचे तेव्हाचे ३० लाखांपलीकडचे मोल दुधाच्या खेपांतून फेडणारा गवळी मला तरी दिसला नाही.

जुने ते सोने म्हणून नव्याला सरसकट खोटे ठरविणे मात्र मला मान्य नाही. वरंध्याच्या उतारावर भरल्या गाडीचे सुकाणू नुसत्या दंडाच्या बळावर फिरविलेल्या माणसाला पॉवर स्टिअरिंगची थोरवी सांगावी लागत नाही. म्हणून महामार्गाने रोज पुण्याच्या मार्केट यार्डात माल नेणाऱ्याने खुशाल नवी गाडी घ्यावी. ज्याची खेप वाड्यावस्त्यांवरच संपते त्याने मात्र बाजारात चार-पाच वर्षे मुरलेली आणि जिचे सुटे भाग भोर-नसरापुरात मिळतात अशीच गाडी घ्यावी, आणि बयाणा देण्यापूर्वी विक्रेत्याआधी मिस्त्रीला विचारावे.