भिंतीआडचे काम, भिंतीबाहेरची नोकरी

बंगळूरच्या दक्षिणेकडील बनशंकरी भागात बदलून आलेल्या मराठी कुटुंबाला दोन ठिकाणे पहिल्या महिन्यातच माहीत होतात. एक म्हणजे जिच्यावरून या वसाहतीला नाव पडले त्या देवीचे कनकपुरा रस्त्यावरील देवालय. बदामीची बनशंकरी ही आपल्याकडील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी. तिचे हे बंगळुरातील स्थान १९१५ सालचे. राहुकाळी लिंबाच्या सालीत दिवा लावण्याची येथील रीत दूरदूरच्या भाविकांना ओढून आणते. दुसरे ठिकाण जयनगर ओलांडून होसूर रस्त्याला लागले की दिसते. त्याचे आजचे सुटसुटीत नाव निम्हान्स. पण एखाद्या जुन्या रिक्षावाल्याला 'हुच्चास्पत्रे' म्हटले की अधिक चटकन कळते. 'हुच्चु' म्हणजे वेड. आपण नाही का 'येरवड्याला पाठवा' किंवा 'ठाण्याचे तिकीट काढा' म्हणत, तोच हा प्रकार. ज्या घरात दुखणे असते त्या घरातील माणसे या दोन्ही ठिकाणी जातात. पहिल्या ठिकाणी उघडपणे, दुसऱ्या ठिकाणी चुकून ओळखीचे कोणी भेटणार नाही ना, हे पाहून.

या संस्थेचा वैद्यकीय इतिहास जाणकारांनी लिहिलेला आहे आणि त्यात भर घालण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. आमचा प्रश्न अगदी कारकुनी आहे. येथून बरे होऊन बाहेर पडलेल्या माणसाला नोकरी कोण देत असे, आणि त्या बाबतीत सरकारने आजवर कोणकोणते कागद काढले?

म्हैसूर संस्थान इंग्रज कमिशनरांच्या ताब्यात असताना, १८४७-४८ च्या सुमारास, डॉक्टर चार्ल्स अर्व्हिंग स्मिथ यांनी बंगळुरात वेड्यांसाठी आश्रयगृह काढले. १९२५ साली त्याची 'वेड्यांचे आश्रयगृह' ही पाटी उतरून 'मानसिक रुग्णालय' ही पाटी चढली. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या कारकिर्दीत, १९३० नंतरच्या दशकात, ते होसूर रस्त्यावरील सध्याच्या प्रशस्त आवारात आले. भोर समितीने १९४६ च्या अहवालात मानसिक उपचारांच्या शिक्षणाची देशात काहीच सोय नसल्याकडे लक्ष वेधले. त्यानंतर १९५४ साली याच रुग्णालयाशेजारी अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. दोहोंचे एकीकरण होऊन १९७४ च्या डिसेंबरात निम्हान्स जन्मास आले.

या सर्व काळात रुग्णांना काम नव्हते असे मात्र नाही. काम पूर्वीपासून होते, पुष्कळ होते. एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानातील बहुतेक वेड्यांच्या इस्पितळांतून बागकाम, विणकाम, दळणकांडण अशी कामे रुग्णांकडून करवून घेत. त्यामागे दोन हेतू असत: माणूस शांत राहावा हा एक, आणि खर्चाचा भार थोडा हलका व्हावा हा दुसरा. कोणता हेतू वरचढ होता हे त्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असे, असे म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाही. १९२५ साली रांचीच्या 'इंडियन मेंटल हॉस्पिटल'चे प्रमुख झालेले मुंबईचे पारशी डॉक्टर धनजीभाई यांनी कामाकडे उपचार म्हणून पाहण्यावर भर दिला. पुढे १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय निघाले. आशियातील अशा प्रकारचे ते पहिले विद्यालय मानले जाते. ते काढणाऱ्या कमलाबाई निंबकर या जन्माने अमेरिकन, क्वेकर पंथाच्या. विष्णु निंबकरांशी विवाह करून त्या आपल्याकडील झाल्या. फलटणच्या निंबकरांचे नाव शेती आणि साहित्य या दोन क्षेत्रांत आपण नेहमी ऐकतो. पण रोग्याच्या हाताला काम देणे हे शास्त्र आहे आणि ते शिकावे लागते, ही गोष्ट या देशात रुजविण्याचे श्रेय त्याच घरातील या बाईंचे, हे फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही.

निम्हान्सच्या पुनर्वसन विभागात पुढे बेकरी, मेणबत्त्या, सुतारकाम, शिवण, छपाई, बागकाम असे विभाग चालू झाले. तेथे पाव भाजणारा मनुष्य सहा महिन्यांत चांगला पाव भाजू लागे. परंतु भिंतीबाहेर त्याला पाव भाजावयास ठेवणारा मालक कोठे होता? काम शिकविणे आणि नोकरी मिळवून देणे यांमध्ये एक मोठी दरी होती. ती ओलांडून देणे हे कोणाचे काम, हे कोणत्याच फाइलीत लिहिलेले नव्हते. रोजगार विनिमय केंद्रे १९४५ पासून होती. अपंगांसाठी खास केंद्रही १९५९ साली मुंबईत निघाले, पण ते शारीरिक अपंगांसाठी. मनाने थकलेला माणूस साधारण केंद्रात गेला तर निरोगी उमेदवारांच्या रांगेत मागे पडे आणि खास केंद्रात गेला तर त्याचे अपंगत्व कोणाला दिसत नसे.

या दरीवर पहिला लहानसा पूल बंगळुरातच पडला, तो सरकारच्या हातून नव्हे. मेडिको-पॅस्टोरल असोसिएशन या संस्थेने १९७२ साली येथे इस्पितळ आणि घर यांच्या मधल्या मुक्कामाचे एक निवासस्थान काढले. भारतातील ते पहिले म्हणून सांगितले जाते. १९८६ नंतर रिचमंड फेलोशिपने त्याच धर्तीवर काम सुरू केले. उठणे, आंघोळ करणे, बाजारहाट करणे, बसने जाऊन वेळेवर परत येणे यांचा सराव तेथे होतो. नोकरीचा अर्धा भाग हाच असतो, हे आपल्यासारख्या साडेनऊच्या गाडीला लटकणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

आता सरकारी कागदांकडे वळू. नोकरशाही निष्ठुर असते असा एक समज आहे. जुने नियम पाहता ती निष्ठुर असण्यापेक्षा विसंगत होती असे आढळते. सरकारी नोकरीत प्रवेश करतानाच्या वैद्यकीय तपासणीच्या नमुन्यात वर्षानुवर्षे एक प्रश्न असे. उमेदवाराला किंवा त्याच्या जवळच्या नातलगांना क्षय, संधिवात, दमा, अपस्मार वा वेड यांपैकी काही झाले आहे काय? भावाचे दुखणे लपविण्याची सवय कित्येक सुशिक्षित घरांना येथपासूनच लागली असल्यास नवल नाही. दुसऱ्या टोकाला निवृत्तिवेतनाचा नियम. १९७२ च्या नियमावलीतील ५४ वा नियम सांगे की मृत कर्मचाऱ्याचा मुलगा किंवा मुलगी मनोविकारामुळे उपजीविका करण्यास असमर्थ असेल, तर वयाची पंचवीस वर्षे उलटल्यावरही कुटुंब निवृत्तिवेतन आजन्म मिळावे. हा नियम उदार होता आणि त्याने अनेक घरे तारली. मात्र त्याची अट नीट वाचावी: 'असमर्थ'. वडिलांना आपल्या हयातीतच असा दाखला मिळविण्याची चिंता लागे की आपला मुलगा कमावू शकत नाही. मग त्याच मुलासाठी नोकरी शोधावयास जायचे कोणत्या तोंडाने?

१९९५ चा अपंगांविषयीचा कायदा या दृष्टीने विलक्षण आहे. त्याने सात प्रकारची अपंगत्वे मानली आणि त्यांतील सातवे मानसिक आजार. येथवर ठीक. परंतु नोकऱ्यांतील तीन टक्के राखीव जागा वाटताना अंध, बधिर आणि अस्थिव्यंग अशा तिघांना एकेक टक्का दिला. सातव्याच्या वाट्याला काही आले नाही. त्याच कायद्याच्या ४७ व्या कलमाने मात्र असे ठरविले की नोकरीत असताना अपंगत्व आल्यास कर्मचाऱ्याला काढता येणार नाही किंवा त्याची पायरी खाली आणता येणार नाही. गरज पडल्यास अधिसंख्य पद निर्माण करावे. आत असलेल्यास बाहेर काढावयाचे नाही, पण बाहेर असलेल्यास आत घ्यावयाचे नाही, अशी ही व्यवस्था वीस वर्षांहून अधिक काळ चालली.

२०१६ च्या नव्या कायद्याने दार उघडले. राखीव जागा चार टक्के झाल्या आणि त्यांतील चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांना मिळून दिला. एका टक्क्यात एवढी मंडळी दाटीवाटीने बसविली आहेत हे खरे. तरी 'मानसिक आजार' हे शब्द केंद्र सरकारच्या भरतीच्या जाहिरातीत छापून आले, ही घटना १८४७ पासूनच्या इतिहासात लहान म्हणता येणार नाही. याच कायद्यात एक आस्थापना शाखेच्या माणसाच्या नजरेतून सुटू नये अशी तरतूद आहे. राखीव जागेला योग्य उमेदवार न मिळाल्यास ती पुढील वर्षावर जाते, आणि त्याही वर्षी न मिळाल्यास पाच गटांमध्ये अदलाबदल करून भरता येते. म्हणजे मनोरुग्णांतून अर्ज आला नाही, तर दोन वर्षांनी ती जागा दुसऱ्या गटाला जाऊ शकते, आणि कागदोपत्री सर्व काही यथास्थित राहते.

मग अर्ज का येत नाहीत? राखीव जागेसाठी किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. मानसिक आजाराचे टक्के मोजण्यासाठी २००२ साली भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी 'आयडियाज' नावाचे मापन तयार केले. पुढे सरकारने ते स्वीकारले. स्वतःची देखभाल, इतरांशी वागणूक, संभाषण व आकलन आणि काम अशा चार बाबींना गुण देतात व आजार किती काळ आहे ते त्यात मिळवितात. मापन वैद्यकीयदृष्ट्या विचारपूर्वक बनविलेले आहे. पण चौथी बाब पाहावी. जो काम करू शकतो त्याचे अपंगत्व कमी भरते. धडपड करून एखाद्या दुकानात हिशेब लिहिणारा मनुष्य त्या धडपडीमुळेच चाळिसाच्या खाली घसरू शकतो, आणि घरी बसून राहिलेला वर जातो. एका खिडकीवर सिद्ध करावयाचे की मला काम जमत नाही, आणि शेजारच्या खिडकीवर मुलाखत द्यावयाची की मला काम जमते!

आमच्या परिचयाचे, बनशंकरीतच राहणारे एक सेवानिवृत्त गृहस्थ याच पेचात सापडले होते. मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आजार झाला, औषधांनी आटोक्यात आला. मध्ये मात्र तीन वर्षे गेली. मुलाखतीत प्रत्येक जण त्या तीन वर्षांविषयी विचारी. दाखला काढावा तर लग्नाच्या बाजारात तो कागद हिंडणार, ही आईची भीती. न काढावा तर सवलत नाही आणि वडिलांच्या पश्चात निवृत्तिवेतनाचाही भरवसा नाही. गृहस्थ आयुष्यभर इतरांच्या फाइलींवर टिप्पणी लिहीत आले; या एका फाइलीवर त्यांना दोन वर्षे शेरा लिहिता आला नाही.

विदेशात हा पेच वेगळ्या रीतीने सोडविण्याचा प्रयत्न झाला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली इस्पितळातून सुटलेल्या रुग्णांनी पुढाकार घेऊन 'फाउंटन हाउस' उभे केले. त्यांनी मालकांशी असा करार करावयास सुरुवात केली की आमचा सभासद एखाद्या दिवशी येऊ शकला नाही, तर आमचाच दुसरा माणूस ते काम पार पाडील. मालकाची खरी भीती गैरहजेरीची असते, वेडाची नसते, हे त्यांनी ओळखले. पुढे १९९० नंतर अमेरिकेतच रॉबर्ट ड्रेक व डेबोरा बेकर यांनी जुना क्रम उलटा केला. आधी वर्षानुवर्षे प्रशिक्षण आणि मग नोकरी, असे न करता आधी खरी, पगाराची नोकरी शोधावयाची आणि उपचार करणाऱ्या मंडळींतीलच एक जण पाठीशी उभा राहून त्या माणसाला ती टिकविण्यास मदत करील. अनेक देशांतील चाचण्यांत या पद्धतीने जुन्या पद्धतीपेक्षा अधिक लोक नोकरीस लागलेले आढळले. बेकरीत सहा महिने पाव भाजूनही बाहेर मालक न मिळालेल्या आपल्याकडील माणसाची गोष्ट येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

आपल्या मराठी समाजात या विषयावरचे मौन मोडण्याचे काम ज्यांनी केले त्यांत धुळ्याचे, पण कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकविणारे डॉ. जगन्नाथ वाणी हे अग्रणी होत. छिन्नमनस्कता त्यांच्या स्वतःच्या घरात होती, आणि ती त्यांनी लपविली नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन त्यांच्याच प्रयत्नाने निघाली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा २००४ चा चित्रपट त्यांच्या पाठबळावर तयार झाला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली काढलेल्या संस्थेतही अशा रुग्णांसाठी कार्यशाळा चालू झाली. ज्या ठाण्याचे नाव थट्टेत घेतले जाते, त्याच ठाण्यात ही गोष्ट घडली.

सरकारी कागदही अगदी थांबलेले नाहीत. २०२१ च्या फेब्रुवारीत निवृत्तिवेतन विभागाने अपंग अपत्यांच्या उत्पन्नाची अट सैल केली. त्या अपत्याचे इतर उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे मृत कर्मचाऱ्याच्या अखेरच्या वेतनाचे तीस टक्के व त्यावरील महागाई साहाय्य यापेक्षा, कमी असेल तर निवृत्तिवेतन चालू राहील. लहानशी नोकरी केली म्हणजे सर्व गेले, ही भीती त्यामुळे बरीच कमी झाली. पण पुष्कळ कुटुंबांना हा आदेश ठाऊकच नाही. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात, केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्यावरील शिस्तभंगाची कारवाई रद्द केली. ज्या वर्तनाबद्दल शिक्षा द्यावयाची ते घडण्यास मानसिक अपंगत्व एक कारण असेल, तर ती कारवाई म्हणजे अप्रत्यक्ष भेदभाव, असे न्यायालयाने म्हटले. शिस्तभंगाची प्रकरणे हाताळणाऱ्या प्रत्येक शाखेने हा निकाल मुळातून वाचावा.

कायदा ज्याला 'वाजवी सोयी' म्हणतो त्या या आजारात बहुधा फुकट असतात. रात्रीच्या औषधाची गुंगी उतरावी म्हणून तासभर उशिरा येण्याची मुभा, तोंडी सांगण्याऐवजी लिहून दिलेले काम, दर महिन्याला बदलत नाही असा एक वरिष्ठ, आणि बाह्यरुग्ण विभागात जाण्यासाठी अर्धा दिवस. परंतु सोय मागावयाची तर आजार सांगावा लागतो.

त्या गृहस्थांच्या मुलीने अखेर दाखल्याचा अर्ज केलाच नाही. एका लेखापालाच्या खासगी कचेरीत तिला काम मिळाले. दुसरे वर्ष चालू आहे आणि मालक तिच्या अक्षरावर व हिशेबावर खूश आहे. महिन्यातून एकदा ती दातांच्या डॉक्टरकडे जावयाचे म्हणून अर्धी रजा घेते.