दाराशी कोण आलंय

सावित्रीबाई फुले गेल्या १० मार्च १८९७ रोजी. पुण्यात लष्कराची घरझडती सुरू झाली १३ मार्चला. मधे तीन दिवसांचं अंतर. शाळेच्या पुस्तकात सावित्रीबाई एका धड्यात येतात आणि ती घरझडती चालवणारा रँड दुसऱ्यात. त्यामुळे हे एकच शहर, प्लेगची एकच साथ, एकच महिना, हे आपल्या लक्षात राहत नाही. माझी सगळी नोकरी महापालिकेच्या आरोग्य खात्यात गेली. पेठांमधले जिने चढायचे, दार वाजवायचं, घरात कुणाला ताप आहे का विचारायचं, हे माझं काम. म्हणून मला ही दोन माणसं एकमेकांशेजारीच दिसतात. दोघंही एकाच कामाला निघाली होती: गाठ आलेल्या माणसाला त्याच्या घरातून उचलून दवाखान्यात न्यायचं.

सावित्रीबाईंचं वय तेव्हा सहासष्ट. जोतीराव जाऊन सहा वर्षं उलटून गेलेली. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झाला होता आणि लष्करात नोकरी करत होता. साथ वाढली तशी बाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात, गावाबाहेर मोकळ्या रानात, दवाखाना उघडायला लावला. त्यांच्या हाती कायदा नव्हता, शिपाई नव्हते. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा मुलगा आजारी असल्याचं कळलं, तेव्हा त्या स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला असं सांगतात. बाईंना लागण झाली आणि त्यातच त्या गेल्या. माझं नर्सिंगचं शिक्षण झालेलं. त्या प्रसंगातला धोका मला अंगावर आल्यासारखा जाणवतो. गाठ फुटलेल्या रुग्णाला पाठीवर घेणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात त्या रोज वावरत होत्या.

आता वॉल्टर चार्ल्स रँड. हा आयसीएस अधिकारी साताऱ्याहून आला. तिकडे वाईला मशिदीसमोरच्या वाद्यांच्या प्रकरणात त्याने गावातल्या प्रतिष्ठित मंडळींना तुरुंगात धाडलं होतं. पुण्याच्या माणसांना तो येण्याआधीच माहीत होता, आणि कसा माणूस म्हणून, हे वेगळं सांगायला नको. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगाचा कायदा झाला. त्या जोरावर पुण्यात खास प्लेग कमिटी नेमली गेली, रँड तिचा अध्यक्ष. सोबत कर्नल फिलिप्स आणि डॉक्टर बेव्हरिज. मेजर पॅजेटच्या हाताखाली अधिकारी आणि सैनिक मिळून ८९३ माणसं. संगमाजवळ प्लेगचं इस्पितळ, स्वारगेटला सेग्रिगेशन कॅम्प. १३ मार्च ते १९ मे हे चाललं.

एका घरात काय व्हायचं ते नीट डोळ्यांपुढे आणावं. सकाळी आळीच्या दोन्ही तोंडांना पहारा लागायचा. सोजीर वाड्यात शिरायचे. चौक, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, जिथे घरातला माणूससुद्धा सोवळ्याशिवाय जात नसे तिथेही बूट. बायकांनाही बाहेर यायला लावून काखेत, जांघेत गाठ आहे का बघायचं. रुग्ण सापडला की तो संगमाकडे आणि घरातली बाकी माणसं स्वारगेटला. मागे जमीन खणायची, औषधी पाण्याने धुवायची, भिंतींना चुना मारायचा, कपडे आणि अंथरुणं जाळायची. ज्या बाईचा नवरा एकीकडे नेला आणि तिला लेकरांसकट दुसरीकडे, तिला तो जिवंत आहे की नाही हे कळायचं कुणाकडून?

गोष्ट अशी की रँडच्या मते हे सगळं उत्तम चाललं होतं. त्याने अहवालात समाधान व्यक्त केलं. बायकांच्या अब्रूला मुद्दाम धक्का लावल्याची विश्वसनीय तक्रार एकही आली नाही, सैनिकांवर कडक नजर ठेवली, लोकांच्या रूढींचा मान राखला, असं त्यात आहे. तो खोटंच लिहीत होता असं मी म्हणणार नाही. खुर्चीवरून त्याला तसंच दिसत असणार. तक्रार करायची तर त्याच माणसांपुढे जाऊन करायची. आणि ज्याची भीती वाटते त्याच्यापुढे सभ्य घरातली बाई उभी राहून काय सांगणार? तक्रार आली नाही याचा अर्थ त्याने त्रास झाला नाही असा काढला.

त्या वेळी रोगाबद्दल फारसं कुणालाच माहीत नव्हतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण उंदरावरच्या पिसवेतून तो माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. म्हणजे १८९७ च्या उन्हाळ्यात ते सगळे अंधारातच चाचपडत होते. ‘उंदीर पडले की घर सोडावं’ हे खेड्यातल्या म्हातारीचं शहाणपण कमिटीच्या कार्बोलिकपेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ होतं. घर रिकामं करून माळावर राहणं हा उपाय बरोबरच होता. पण बरोबर उपाय चुकीच्या चेहऱ्याने दाराशी आला, आणि लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. माळ्यावर, कोठारात, परसातल्या शेणीच्या ढिगामागे. लपवलेल्या रुग्णाला कुठलाच उपाय पोचत नाही.

एप्रिल २०२० मध्ये भवानी पेठ हा पुण्यातला कोरोनाचा सगळ्यात कठीण भाग झाला होता. तिथल्या एका चाळीत आम्ही पांढरी किट घालून, सोबत पोलीस घेऊन गेलो. एका खोलीच्या दारात सून उभी. म्हणाली, “आमच्यात कुणी आजारी नाही.” आतून खोकल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी मी पोलिसांना कोपऱ्यावरच थांबवलं. किटवर छातीपाशी मार्करने माझं नाव ठळक लिहिलं, खालच्या मजल्यावरच्या मावशींना बरोबर घेतलं आणि दारातूनच हाक मारली. आतले आजोबा स्वतः उठून आले. नाव वाचून बराच वेळ माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले. “तू ती पोलिओवाली ना? माझ्या नातवाला डोस पाजायला यायचीस. मग चल, येतो.” नेलं त्याच रुग्णवाहिकेतून, त्याच विलगीकरण केंद्रात, जिथे आदल्या दिवशी नेणार होतो तिथेच.

२००२ मध्ये सुझन फिस्क आणि तिच्या सहकाऱ्यांनी मांडलेला एक विचार मला प्रशिक्षणात ऐकायला मिळाला होता. समोरचा माणूस आपण दोन प्रश्नांवर जोखतो. याच्या मनात माझ्याबद्दल माया आहे का? आणि हा काय करू शकतो? ज्याच्याकडे ताकद आहे पण माया नाही, त्याच्याबद्दल जळफळाट आणि धास्ती वाटते. माया आहे पण ताकद नाही, त्याची कीव येते. दोन्ही नाहीत असं ज्याच्याबद्दल ठरतं, त्याच्याकडे माणूस म्हणून बघणंही बंद होतं. १८९७ च्या पुण्यात हे तिन्ही एकत्र सापडतात. तिसऱ्या रकान्यात मुंढव्याचा महारवाडा होता. तिथली गाठ आलेली पोरं ना वाड्यांतल्या पुढाऱ्यांना दिसली, ना कमिटीला. तिकडे चालत गेली ती अशी एक बाई, जिला हे शहर पन्नास वर्षं कधी शेणगोळे मारत आलं होतं, कधी दुर्लक्ष करत.

त्याच सुमारास लोकमान्य टिळक आणि इतर मंडळींनी वर्गणी काढून हिंदू प्लेग हॉस्पिटल उभं केलं. तिथेही रुग्णाला घरापासून तोडूनच ठेवायचे. पण तिथे स्वतः टिळक जात, आणि पाणी देणारा हात ओळखीचा असे. तिथे लोक आपल्या पायांनी गेले. मुंबईत जनरल गॅटेकरनेही हे ओळखलं होतं. त्याने एकेका समाजाच्या वडीलधाऱ्यांना हाताशी धरलं आणि त्यांची त्यांची इस्पितळं उघडू दिली. सरकार तेच, कायदा तोच. पुण्यात हे जमलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पंडिता रमाबाईंनी मे महिन्यात मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून प्लेग इस्पितळात मुलींची काय गत होते ते सांगितलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टने ते खोटं ठरवलं. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी स्त्रियांवरच्या अत्याचारांबद्दल तिकडे सांगितलं. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कुणी पुढे यायला तयार होईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली आणि स्वतःच्याच गावात मान खाली घालून फिरायची वेळ त्यांच्यावर आली. मला त्यांची ती माफी भेकडपणाची वाटत नाही. गप्प बसलेल्यांनाही मी दोष देत नाही. ज्या घरात एकदा बूट येऊन गेलेत, त्या घरातली माणसं कोर्टात नाव सांगत नाहीत.

२२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्याची साठ वर्षं साजरी करणारी मेजवानी गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये झाली. तिथून परतताना दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्टला गाठलं. आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला. चापेकर बंधू फाशी गेले, टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची सजा झाली, नातू बंधूंना खटल्याशिवाय डांबून ठेवलं, शहरावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च शहराकडूनच वसूल केला. रँडचं नाव पुण्याच्या घराघरात गेलं. पोरांना ते पाठ झालं. सावित्रीबाईंचं नाव मात्र त्यानंतर कित्येक दशकं सत्यशोधक घरांबाहेर क्वचितच निघालं. ज्याने छळलं त्याचं नाव पक्कं राहिलं आणि जिने पाठीवर घेतलं तिचं मागे पडलं, याचा मला मनापासून राग येतो. त्या गव्हर्नमेंट हाऊसची इमारत आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, आणि २०१४ पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. रँड जेवून ज्या पायऱ्या उतरला त्याच त्या. पदवी घ्यायला येणाऱ्या मुलींना कुणीतरी हे सांगायला हवं.

डॉ. यशवंत आईनंतरही रुग्ण तपासत राहिले. प्लेग पुण्यात पुन्हा पुन्हा येत होता. १९०५ मध्ये रुग्णसेवा करतानाच त्यांना लागण झाली आणि तेही त्याच रोगाने गेले. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन काढलं. रँडने शेवटचे दिवस ज्या ससूनमध्ये काढले, त्याच रुग्णालयाच्या मदतीने तिथल्या बायकांना रुग्णसेवा आणि सुईणीचं काम शिकवायला सुरुवात झाली. त्यात विधवा होत्या, माहेरी परत पाठवलेल्या होत्या. नर्स होणं तेव्हा हलकं समजलं जाई. तरी त्या शिकल्या, आणि ज्या माजघरांत बारा वर्षांपूर्वी सोजीर शिरले होते, त्याच माजघरांत बाळंतपणासाठी, तापासाठी त्यांना हाक मारून आत बोलावलं जाऊ लागलं.