उतारवयातील आरोग्य : चालण्याला हवी बळाची आणि तोलाची जोड

नाशिकमध्ये पहाटे कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोल्फ क्लब मैदान किंवा गोदाकाठ यांपैकी कोठेही गेल्यास साठी ओलांडलेली मंडळी नेमाने फेरफटका मारताना दिसतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती. महाराष्ट्रात दर शंभरांमागे सुमारे दहा जण या वयोगटातील होते. आयुष्य वाढले, ते स्वावलंबी कसे राहील, हा आता खरा प्रश्न आहे.

केवळ चालणे पुरेसे नाही

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा. त्याबरोबरच किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकद वाढविणारे व्यायाम करावेत. आपल्याकडे पहिला भाग पाळला जातो, उरलेल्या दोहोंकडे दुर्लक्ष होते. वयानुसार स्नायू झिजतात, मांड्यांतील बळ कमी होते आणि तोल जातो. न्हाणीघरातील एका घसरण्याने खुब्याचे हाड मोडले, तर कालपर्यंत स्वतः बाजारहाट करणारा माणूस अंथरुणाला खिळू शकतो.

यासाठी खर्चिक साधनांची गरज नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकवून टाचा उचलणे, ओट्याचा आधार जवळ ठेवून एका पायावर काही क्षण उभे राहणे, हे घरीच करता येते. विश्वास मंडलिक यांच्या योग विद्या धाम या संस्थेमुळे योगाभ्यास नाशिककरांच्या परिचयाचा आहे. मात्र उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मणक्याचा विकार असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय आसने करू नयेत. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना छातीत दडपण आले किंवा धाप लागली, तर तेथेच थांबावे. गुडघे कुरकुरत असतील, तर हट्ट धरू नये. सप्तशृंग गडावर २०१८ पासून ट्रॉलीची सोय झाली आहे, तिचा लाभ घेण्यात कमीपणा नाही.

थंडी आणि आहार

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा अनेकदा दहा अंशांखाली उतरतो. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो. म्हणून हृदयविकार असणाऱ्यांनी या दिवसांत पहाटेऐवजी ऊन पडल्यावर, कान झाकून बाहेर पडावे. गोदाघाटावरील ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर विशेष जपावे.

उतारवयात भूक मंदावते आणि चहा-बिस्किटांवर भागविण्याची सवय जडते. स्नायूंसाठी डाळी, उसळी, दूध, ताक, चालत असल्यास अंडी यांतून पुरेशी प्रथिने मिळायला हवीत. इगतपुरी, पेठ, सुरगाणा भागांत पिकणारी नागली कॅल्शियमने समृद्ध आहे. तिची भाकरी किंवा आंबील आहारात असावी. दिवसभरात मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी ठेवावे.

तपासणी आणि सोबत

रक्तदाब, रक्तातील साखर, डोळे आणि कान यांची तपासणी वर्षातून एकदा तरी करावी. घेत असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी, कारण काही गोळ्यांमुळे उठताना चक्कर येते. रात्री उठताना क्षणभर पलंगाच्या कडेला बसावे आणि दिवा लावूनच पाऊल टाकावे. इन्फ्लुएन्झा व न्यूमोनियाच्या लशींविषयीही विचारणा करावी.

शरीराइतकाच मनाचा व्यायाम महत्त्वाचा. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमाला आणि परिसरातील ज्येष्ठ नागरिक संघ ही एकाकीपणावरची घरची औषधेच होत. सत्तरीपुढील सर्व नागरिकांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. त्यात उत्पन्नाची अट नाही. अडचणीच्या वेळी १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर सल्ला मिळू शकतो.

कुटुंबीयांचीही जबाबदारी आहे. 'तुम्ही बसा, आम्ही करतो' असे म्हणून आई-वडिलांच्या हातचे प्रत्येक काम काढून घेणे, ही माया खरी. पण तिने सांधे आखडतात. भाजी निवडणे, झाडांना पाणी घालणे, नातवाला शाळेत सोडणे ही कामे त्यांच्याकडेच राहू द्यावीत.