प्लॅस्टिक कयाकची छिद्रदुरुस्ती

प्लॅस्टिक कयाकची छिद्रदुरुस्ती : प्लॅस्टिकच्या कयाकला पडलेले भोक, तडा किंवा झिजून पातळ झालेला तळ पुन्हा जलरोधक व वापरण्याजोगा करण्याची प्रक्रिया. कयाक ही एक-दोन माणसांनी बसून दुपाती वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. ती मूळची आर्क्टिक किनाऱ्यावरील इन्युइट व त्यांच्या शेजारच्या लोकांची. लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बांधत. विसाव्या शतकात फायबरग्लासच्या कयाक आल्या. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील हॉलोफॉर्म कंपनीने टॉम जॉन्सन यांच्या आराखड्यावरून ‘रिव्हर चेझर’ ही रोटोमोल्डिंगने घडवलेली प्लॅस्टिक कयाक काढली आणि खडकाळ नद्यांत फायबरग्लासची जागा प्लॅस्टिकने घेतली. प्लॅस्टिकची कयाक खडकावर आपटली तरी सहसा फुटत नाही, नुसती दबते. फुटली की मात्र फायबरग्लाससारखे कापड व रेझिन लावून भागत नाही. त्यामुळे आधी प्लॅस्टिक ओळखायचे आणि मग दुरुस्तीची पद्धत ठरवायची, असा क्रम पाळावा लागतो.

साहित्य व त्याचे गुणधर्म : रोटोमोल्डिंगमध्ये पॉलिएथिलीनची पूड पोकळ साच्यात भरून साचा भट्टीत दोन अक्षांभोवती फिरवतात. पूड वितळून साच्याच्या आतल्या अंगाला सारखी बसते आणि बिनजोडाची होडी तयार होते. घरांच्या गच्चीवरील पाण्याच्या काळ्या टाक्याही याच पद्धतीने व याच प्लॅस्टिकच्या होतात. कयाकसाठी बहुतेक वेळा रेषीय पॉलिएथिलीन वापरतात. ते साधारण १२० ते १३० °से. दरम्यान वितळते, थंड झाल्यावर घट्ट होते आणि पुन्हा तापवल्यास पुन्हा वितळते. काही कयाक जाळीबंध पॉलिएथिलीनच्या असतात. त्यात रेणूंच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधलेल्या असल्याने ते तापवल्यावर रबरासारखे मऊ होते, पण वितळत नाही. काही हलक्या कयाक एबीएस प्लॅस्टिकचे पत्रे तापवून घडवलेल्या असतात, तर काहींचा तळ तीन थरांचा असून मधला थर फेसाळ असतो.

पॉलिएथिलीनचा पृष्ठभाग मेणचट असतो. त्याची पृष्ठऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे ३१ मिलिज्यूल, तर पाण्याचा पृष्ठताण त्याच मापात सुमारे ७२ असतो. त्यामुळे त्यावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन राहते. चिकटद्रव्याचेही तसेच होते. घरात सहज हाती येणारे एम-सील किंवा फेविक्विक कयाकला लावले, तर सुकल्यावर ते नखाने उचकटून निघते.

हानीची कारणे : नदीतील कयाकच्या बाबतीत खडकाचा आघात, तर बाकी बहुतेक कयाकच्या बाबतीत ओढाताण हे मुख्य कारण असते. होडी पुढून उचलून वाळूवरून वा काँक्रीटवरून ओढत नेल्याने मागच्या टोकाचा तळ घासून कागदासारखा पातळ होतो आणि शेवटी तेथे भोक पडते. वर बसून चालवायच्या कयाकमध्ये पाण्याच्या निचऱ्यासाठी आरपार नळ्या असतात. त्यांच्या कडांना तडे जाण्याचे प्रमाण मोठे असते, विशेषतः चाकांच्या गाड्याचे खांब त्यांत घालून होडी ओढली तर. गाडीच्या टपावर दोर फार आवळून होडी उन्हात ठेवली, तर ती दबते. असा पोचा तेवढ्या जागी गरम पाणी ओतून वा कडक उन्हात तापवून आतून दाबला की बराचसा निघतो. त्याला दुरुस्ती लागत नाही. अतिनील किरणांनी प्लॅस्टिकच्या साखळ्या तुटतात व ते ठिसूळ होते. ही हानी मात्र भरून येत नाही.

प्लॅस्टिकची परीक्षा : होडीच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवरून धारदार चाकूने पातळ साल काढून पाहतात. चांगल्या प्लॅस्टिकची लांब, गुंडाळी होणारी साल निघते. उन्हाने खाल्लेल्या प्लॅस्टिकचा भुगा पडतो आणि बोटाला पांढरी पूड लागते. अशा प्लॅस्टिकवर केलेला जोड टिकत नाही. निघालेली साल साबणाच्या पाण्यात बुडवून सोडली, की पॉलिएथिलीन वर येते, कारण ते पाण्यापेक्षा हलके असते. एबीएस तळाशी बसते. साबण घालतात तो साल ओली व्हावी व तिला हवेचे बुडबुडे चिकटून राहू नयेत म्हणून. तिसरी परीक्षा तापल्या खिळ्याची. खिळा टेकवून उचलल्यावर प्लॅस्टिकचा धागा ओढला गेला तर ते रेषीय आहे. नुसते मऊ पडून काळे झाले तर ते जाळीबंध असण्याची शक्यता मोठी.

वितळजोड : रेषीय पॉलिएथिलीनसाठी हीच खरी कायमची पद्धत. होडी धुऊन पूर्ण सुकवतात व जागा स्पिरिटने पुसतात. तडा असल्यास त्याच्या दोन्ही टोकांना सुमारे ३ मिमी. व्यासाचे गोल भोक पाडतात. तड्याच्या टोकदार शेवटावर ताण एकवटतो आणि तो पुढे पळतो. गोल भोकाच्या कडेवर तोच ताण विभागला जातो. तड्याचे खरे टोक दिसते त्याच्या थोडे पुढे असते, म्हणून भोक तेथेच पाडतात. मग तड्याच्या लांबीभर इंग्रजी ‘व्ही’ आकाराची खाच कोरतात आणि जुनी, उन्हाने मळलेली वरची साल खरवडून काढतात. पॉलिश पेपरपेक्षा खरवडणे बरे, कारण पेपरची रेती प्लॅस्टिकमध्ये रुतून बसते.

भरण्याची पट्टी किंवा रॉड त्याच प्लॅस्टिकचा असावा लागतो. त्याच बनावटीच्या भंगार कयाकच्या पट्ट्या सर्वांत चांगल्या. दुधाच्या बाटलीचे वा डब्याचे प्लॅस्टिकही पॉलिएथिलीनच असते, पण त्याची घनता व प्रवाहीपणा वेगळा असल्याने जोडाच्या कडेला पुन्हा चीर जाते. अरुंद तोटीच्या हीट गनने साधारण ३०० °से.ची हवा सोडून, गन हलती ठेवून, खाच व रॉड एकाच वेळी तापवतात. खाचेचा मंद पृष्ठभाग ओला झाल्यासारखा चकाकू लागला की जोडण्याची वेळ झाली. रॉड दाबत पुढे नेताना दोन्ही बाजूंनी वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक गोट उमटत गेली, तर तळ आणि रॉड एकजीव होत आहेत असे समजतात. रॉड वितळला व तळ थंडच राहिला, तर भरण छान दिसते, पण चाकूचे टोक घातले की दोरीसारखे सलग उचकटते. धूर निघाला किंवा प्लॅस्टिक तपकिरी झाले, तर ते जळाले. तेवढा भाग कोरून काढावा लागतो. म्हणून आधी भंगार तुकड्यावर हात बसवून घेतात.

तुकडा गायब असलेल्या मोठ्या भोकासाठी त्याच प्लॅस्टिकचे ठिगळ कापून कडा वितळवून बसवतात, किंवा आतल्या बाजूने स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी तापवून प्लॅस्टिकमध्ये रुतवतात व वरून भरण घालतात. जोड आपोआप थंड होऊ देतात. पाणी ओतून घाई केल्यास तळ वाकडा होतो. फुगलेले भरण धारदार चाकूने किंवा कानशीने सपाट करतात.

चिकटद्रव्याचा जोड : जाळीबंध पॉलिएथिलीनला आणि पातळ थरांच्या तळाला ही पद्धत वापरतात. जागा घासून खरबरीत करतात व ब्लो टॉर्चच्या निळ्या ज्योतीचे टोक तिच्यावरून झरझर फिरवतात. प्लॅस्टिक वितळू द्यायचे नसते, केवळ वरचा थर ऑक्सिजनशी संयोग पावावा इतकाच ज्योतीचा स्पर्श हवा. चाचणीसाठी पाणी शिंपडतात. थेंब न होता पाण्याचा सलग पापुद्रा पसरला, तर ज्योतीने काम केले. मग पाणी पुसून, जागा सुकवून लगेच लवचीक इपॉक्सी लावतात. वेस्ट सिस्टिम कंपनीचे ‘जी-फ्लेक्स’ यासाठी प्रसिद्ध आहे. थ्रीएम कंपनीची डीपी ८००५ व डीपी ८०१० ही ॲक्रिलिक चिकटद्रव्ये ज्योतीशिवायही पॉलिएथिलीनला धरतात, पण ती महाग असतात. एबीएसच्या कयाकचे प्रकरण सोपे आहे. ते ॲसिटोनमध्ये विरघळते, त्यामुळे त्याच प्लॅस्टिकचा चुरा ॲसिटोनमध्ये भिजवून केलेली खळ भोकात भरतात.

तात्पुरती दुरुस्ती : नदीकाठी जागा सुकवून, हाताच्या उबेने वा उन्हाने थोडी तापवून डक्ट टेप किंवा ब्यूटिल रबराची पट्टी लावतात. पट्टीचे कोपरे गोल कापतात, म्हणजे ते पाण्याने उचलले जात नाहीत. शक्य तर आतून व बाहेरून दोन्हीकडे लावतात. पुढे वितळजोड करायचा असल्यास टेपचा चिकट थर पूर्ण काढावा लागतो.

चाचणी, सुरक्षितता व मर्यादा : दुरुस्त भागावर आतून काही लिटर पाणी ओतून बाहेरून ओल पाहतात. संपूर्ण होडी पाण्याने भरत नाहीत, कारण त्या वजनाने नवा जोडच ताणला जातो. काम उघड्यावर करावे. होडीतील तरंगण्यासाठी ठेवलेला फेस व हवेच्या पिशव्या आधी काढाव्यात, कारण फेस पटकन पेटतो आणि पेटलेले पॉलिएथिलीन थेंब-थेंब गळते.

महाराष्ट्रात कोलाड येथे कुंडलिका नदीवर आणि गोव्याच्या खाड्यांत प्लॅस्टिक कयाक वापरात आहेत. पाण्याच्या टाक्या हीट गनने सांधणाऱ्या कारागिराचे कौशल्य या कामाला जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते, पण रॉड टाकीचा न घेता कयाकच्या जातीचा घ्यावा लागतो. संथ पाण्यासाठी नीट सांधलेली कयाक बिनधास्त वापरता येते. खडकाळ, वेगवान पाण्यात मात्र बैठकीखालचा किंवा पायांपाशी आलेला तडा सांधून ती होडी पुन्हा नेऊ नये. तेथे तळ दुमडला तर माणूस आत अडकतो. सालीऐवजी भुगा निघणारी होडी सांधत बसण्यापेक्षा भंगारात काढणे शहाणपणाचे ठरते.