मालकानें उघडलेलें यंत्र

एखादी वस्तु आपली आहे असें आपण केव्हां म्हणावें? कायदेपंडित सांगतील कीं, जिचें मोल आपण दिलें आहे व जिची पावती आपल्या पेटींत आहे ती वस्तु आपली. हें उत्तर जमिनीला, दागिन्यांना किंवा भांड्याकुंड्यांना पुरेसें आहे. यंत्राला मात्र तें पुरत नाहीं. यंत्र बंद पडलें कीं मालकाच्या हातीं नुसती पावती उरते, आणि खरी सत्ता तें उघडून पुन्हां जोडूं शकणाऱ्या माणसाकडे जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत अमेरिकेंतील पुष्कळ शेतकऱ्यांच्या हातीं पावती आणि पाना हीं दोन्ही एकाच वेळीं आलीं होतीं. त्यांनीं आपल्या जुन्या मोटारींचें इंजिन व गिअरबॉक्स घरच्या घरीं, धान्याच्या कोठारांत खोलून पुन्हां जोडले. हा योग कसा जुळून आला व पुढें कसा विसकटला, याचा इतिहास आपणां सुशिक्षितांस विचार करावयास लावणारा आहे.

त्याचा उगम मोटारींत नसून बंदुकींत आहे. १७८५ सालीं टॉमस जेफर्सन हा अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिस येथें राहत होता. तेथें होनोरे ब्लाँ नांवाच्या कारागिरानें बंदुकीच्या चापाचे भाग इतके एकसारखे बनविले होते कीं, एका चापाचा भाग दुसऱ्या कोणत्याहि चापांत बसावा. जेफर्सननें हातीं लागतील ते तुकडे उचलून स्वतः कांहीं चाप जोडून पाहिले व ती हकीकत मायदेशीं कळविली. तोंपर्यंत यंत्राचा प्रत्येक भाग कानशीनें घासून त्याच्या शेजारच्या भागाशीं जुळवावा लागे. साहजिकच भाग मोडला कीं मालकाला कुशल कारागिराच्या दारीं तिष्ठत बसण्यावांचून गत्यंतर नसे. अमेरिकेंतील सरकारी शस्त्रशाळांनीं अनेक वर्षें खपून ही एकसारखेपणाची विद्या साध्य केली, आणि तेथून ती इतर कारखान्यांत पसरली.

मोटारीच्या बाबतींत तिची कसोटी १९०८ सालीं इंग्लंडांत ब्रुकलंड्स येथें लागली. तेथील रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं तीन कॅडिलॅक मोटारी पूर्णपणें खोलण्यांत आल्या. तिन्हींचे मिळून दोन हजारांहून अधिक भाग एकत्र मिसळले; त्यांतले ८९ भाग काढून त्यांच्या जागीं विक्रेत्याच्या सांठ्यांतले भाग ठेवले; आणि मग साध्या हत्यारांनीं त्या ढिगांतून पुन्हां तीन मोटारी उभ्या केल्या. त्या तिन्ही ५०० मैल धांवल्या. या प्रयोगाबद्दल कंपनीला ड्यूअर करंडक मिळाला. वर्तमानपत्रांस ती कंपनीची कीर्ति वाटली असेल. परंतु तिचा खोल अर्थ असा होता कीं, मोडलेल्या मोटारीस आतां मूळ कारागिराची गरज राहिलेली नव्हती.

त्याच वर्षाच्या शरदऋतूंत हेन्री फोर्डनें डिट्रॉइट येथें आपली 'मॉडेल टी' मोटार बाजारांत आणली. १९२७ पर्यंत तशा दीड कोटी मोटारी निघाल्या. आरंभीं तिची किंमत ८५० डॉलर होती. १९२५ च्या सुमारास तिचा सर्वांत स्वस्त नमुना २६० डॉलरांस मिळूं लागला. चार सिलिंडरांचें, सुमारें वीस अश्वशक्तीचें तिचें इंजिन दिसण्यांत ओबडधोबड असलें तरी उघडण्यास सोपें होतें. चारी सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यांत असून त्यांचें झांकण बोल्ट सोडवितांच निघून येई. कंपनीनें मालकांसाठीं काढलेलें माहितीपुस्तक प्रश्नोत्तररूपानें लिहिलेलें होतें. अमुक आवाज कां होतो, अमुक भाग कसा काढावा, असा प्रश्न, आणि त्याखालीं सरळ उत्तर. आपल्याकडे बालबोध पुस्तकांत धर्म किंवा व्याकरण शिकविण्याची जी रीत होती, त्याच रीतीनें तेथें शेतकरी इंजिन शिकला.

हें काम बहुधा हिवाळ्यांत निघे. कारण तेव्हां शेतें बर्फाखालीं असत आणि हात मोकळे असत. प्रथम पाणी व तेल काढावयाचें, रेडिएटर उतरवावयाचा, तारा व नळ्या सोडवावयाच्या, आणि कोठाराच्या तुळईला सांखळी अडकवून इंजिन वर उचलावयाचें. या मोटारींत इंजिन व गिअर एकाच पोलादी कुंडांत व एकाच तेलांत चालत; म्हणून दोन्ही बरोबरच बाहेर येत. मग सिलिंडरांतली काजळी खरवडणें, पिस्टनांचीं कडीं बदलणें, आणि व्हॉल्व्ह कुरुंदाचा मसाला लावून त्यांच्या बैठकींत नीट बसेपर्यंत घोटणें, हीं कामें क्रमानें येत. खरी परीक्षा बेअरिंगांपाशीं होई. तीं 'बॅबिट' नांवाच्या मऊ, पांढऱ्या मिश्रधातूचीं असत. झिजून ढिलीं झालीं कीं इंजिन आंतून ठोके देऊं लागे. तीं आवळतांना टोपीची कड किती घासावी, हें कोणतेंहि पुस्तक पुरतेंपणीं सांगूं शकत नसे. कमी घासली तर ठोका राही. अधिक घासली तर दांडा जखडून बसे. तेथें बोटांनींच निकाल द्यावा लागे.

गिअरची रचना त्याहून मौजेची होती. मधल्या चाकाभोंवतीं तीन लहान जोडचाकें सूर्याभोंवतीं ग्रह फिरावेत तशीं फिरत. म्हणून तिला ग्रहमालेची रचना म्हणत. पायाखालचें पॅडल दाबलें कीं एक पट्टा एका पिंपावर आवळला जाई, तें पिंप थांबे, आणि त्यामुळें मोटार हळू पुढें जाई किंवा मागें येई. जोडतांना त्या तीन चाकांवरील खुणा जुळवून, तीं हलूं नयेत म्हणून भोंवतीं दोरी बांधीत, आणि मगच पुढचे भाग बसवीत. पट्ट्यांचें सुती अस्तर वरचेवर झिजे. तें बदलतांना भोंकांत चिंधी कोंबून ठेवण्याची काळजी घ्यावी लागे, कारण एखादा नट निसटून खालच्या कुंडांत पडला तर एका तासाचें काम आठवड्यावर जाई.

आतां या इतिहासांतील विलक्षण विरोध पाहा. १९१३ सालीं फोर्डनें हायलंड पार्क येथील कारखान्यांत सरकती जोडणी सुरू केली. ज्या सांगाड्याच्या जोडणीस पूर्वीं साडेबारा तास लागत, त्यास पुढच्याच वर्षीं ९३ मिनिटें पुरूं लागलीं. तेथला मजूर दिवसभर एकच नट आवळी. त्याला संपूर्ण इंजिनाची ओळख नसे, आणि नसावी अशीच योजना होती. कंटाळून माणसें इतकीं सोडून जात कीं, १९१४ च्या जानेवारींत कंपनीस आठ तासांच्या दिवसाला पांच डॉलरांपर्यंत मजुरी जाहीर करावी लागली. म्हणजे मोटार बनविणाऱ्याच्या हातून जी समग्र विद्या काढून घेतली गेली, तीच शेंकडों मैल दूर, कंदिलाच्या उजेडांत, मोटार विकत घेणाऱ्याच्या हातीं येत होती. निर्मात्याचें अज्ञान आणि मालकाचें ज्ञान हीं एकाच एकसारख्या सुट्या भागाचीं दोन अपत्यें होत.

हें चित्र अधिक गोड करून सांगण्याचें कारण नाहीं. पुष्कळांनीं काम अर्धवट टाकून गांवच्या लोहाराकडे धांव घेतली, आणि कित्येकांना ही विद्या हौसेपेक्षां गरजेपोटींच शिकावी लागली. तरीहि शिकतां येणें शक्य होतें, ही गोष्ट लहान नव्हे. मागचें एक चाक उचलून त्यावर पट्टा चढवून याच मोटारीकडून लांकडें कापून घेण्याची कल्पना ज्यांना सुचली, ते तिचें पोट पाहिलेले लोक होते.

पुढें हें दार हळूहळू लोटलें गेलें. १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत जनरल मोटर्सनें 'हायड्रामॅटिक' हा आपोआप चालणारा गिअर आणला. त्याच्या आंतहि ग्रहमालेचीं चाकें आणि पिंपांवर आवळणारे पट्टेच होते. परंतु ते केव्हां आवळावयाचे हें आतां माणसाचा पाय ठरवीत नसून दाबाखालचें तेल ठरवीत होतें. तत्त्व जुनेंच, पण कोठारांत तें उघडण्याचें धैर्य फार थोड्यांस होई. पुढें गणकयंत्रें आलीं, आणि १९९६ च्या मोटारींपासून अमेरिकेंत दोष सांगणारी एक ठराविक विद्युत्‌व्यवस्था सक्तीची झाली. दोष कानांनीं ऐकावयाचा राहिला नाहीं, संकेतांकांत वाचावयाचा झाला. अखेर २०१२ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील मतदारांनीं, मोटार दुरुस्त करण्यास लागणारी माहिती मालकास व त्याच्या पसंतीच्या कारागिरास मिळालीच पाहिजे, असा कायदा मोठ्या बहुमतानें मागून घेतला. आजोबांना जें माहितीपुस्तकांत मिळत होतें, त्यासाठीं नातवांना मतपेटीपर्यंत जावें लागलें!

आधुनिक मोटार अधिक सुरक्षित आहे, कमी धूर ओकते आणि क्वचितच बंद पडते. हा लाभ नाकारणें शहाणपणाचें होणार नाहीं. प्रश्न जुन्या यंत्राकडे परत जाण्याचा नाहीं. आपण मात्र दसऱ्याच्या दिवशीं मोटारीस झेंडूची माळ घालतों, नारळ फोडतों, आणि पुढील दसऱ्यापर्यंत तिचें झांकण उचलून आंत पाहत नाहीं. आपल्या सुशिक्षित घरांत पुस्तकी विद्येला पाट मांडण्यांत आला आणि हाताच्या विद्येला ओसरीवर बसविण्यांत आलें, ही जुनीच रीत येथेंहि दिसते. 'मॉडेल टी'चे सुटे भाग आजहि नव्यानें तयार होतात, आणि हौशी माणसें घरीं त्यांचीं इंजिनें खोलून जोडतात. आपल्या मुलांनीं तसें करावें असा आग्रह नाहीं. परंतु घरांतलें एखादें निकामी यंत्र, घड्याळ म्हणा, पंखा म्हणा, भंगारवाल्यास देण्यापूर्वीं एकदां त्यांच्या पुढ्यांत ठेवावें आणि हातीं पेचकस द्यावा. जोडतां आलें नाहीं तरी चालेल. तें कशाकशाचें बनलें आहे एवढें त्यांना दिसलें, तरी तें यंत्र पहिल्यानेंच त्यांचें झालें असें म्हणतां येईल.