पडद्यावरची ब्रेनगन

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर. त्यामुळं आमच्या येळ्ळुरात फौजी पेन्शनीचं घर गल्लीगल्लीत सापडतं. आम्ही जैन. घरात कीड-मुंगी जपून झाडू मारायचा, आणि शेजारी मात्र निवृत्त हवालदार काका!

एकदा नातू 'अ ब्रिज टू फार' हा १९७७ चा युद्धपट बघत बसला होता. काका आत आले आणि म्हणाले, "ही बघा वहिनी, आमची एलेमजी!" वरून बसवलेलं वाकडं मॅगझिन, पुढं दोन पाय. ती ब्रेनगन. मूळ आराखडा चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोचा, इंग्लंडात तयार झाली एनफिल्डला, म्हणून दोन्ही गावांची पहिली अक्षरं जोडून नाव पडलं ब्रेन. पुढं आपल्या फौजेत तीच ७.६२ मिलिमीटरच्या गोळीसाठी बदलून कैक वर्षं वापरली.

त्याच १९७७ साली 'स्टार वॉर्स' आला. त्यातल्या काही शिपायांच्या हातातलं अंतराळी हत्यार म्हणजे पहिल्या महायुद्धातली जुनी लुईस गन, थोडी सजवलेली! नातवाला हे सांगितलं तर तो हसतच सुटला.

काका मात्र हसले नाहीत. "पिक्चरमध्ये एकटाच हिरो गोळ्या मारतोय. खरं तर दोन नंबरचा गडी बाजूला असतोय. मॅगझिन बदलायचं, नळी तापली की बदलायची, सगळं त्यानंच. मॅगझिनमध्ये तीस मावतात, पण आम्ही अठ्ठावीसच भरायचो, स्प्रिंग अडकू नये म्हणून. त्या दोन नंबरच्याला कोण दाखवतंय?"

मग मला नाईक यशवंत घाडगे आठवले. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं खोरं. समोरून मशीनगनचा मारा. तुकडीतले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच त्या मशीनगनवर धावून गेले, ठाणं घेतलं आणि तिथंच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पडद्यावर बंदूक चालवणारा दिसतो. बंदुकीसमोर उभा राहिलेला क्वचितच.

आपल्याकडं हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. रक्षणासाठी लढावं लागणं ही विरोधी हिंसा. गृहस्थाला ती पूर्ण सुटत नाही, पण तिची मजा घ्यावी असं मात्र कुठं सांगितलेलं नाही. बायांनो, मुलांना पिक्चर बघू नका म्हणून काय उपयोग? बघताना एवढंच विचारा, "तो पडला त्याची आई कुठं आहे, रे?"

नातवानं टीव्ही बंद केला नाही. पण काकांना म्हणाला, "आजोबा, तुमचा दोन नंबरचा कोण होता?"

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग चहा मागितला, आणि सांगायला लागले.